नदीकाठी घरचीच कॅम्पसाइट चालवायची असेल तर: आजोबा, बाबा आणि आता मी, असं करत शिकलेलं सगळं

आमच्या जागेत नदीकडे उतरायच्या वाटेवर एक जुनं करंजाचं झाड आहे, त्याच्या बुंध्यात तीन खिळे आहेत. आजोबांनी ठोकलेला १९८९ च्या पुराचा, त्याच्या वितभर वर बाबांचा २६ जुलै २००५ चा, आणि दोन्हीच्या मधे माझा, जुलै २०२१ चा. पाणी कुठपर्यंत चढलं त्याची खूण. कोणी मला विचारलं की आमची पण नदीला लागून जागा आहे, टेंट लावायचेत, काय काय लागेल, तर मी पहिले त्याला या झाडापाशी नेतो. (झाड वाढलं की खिळा पण वर जात असेल ना असं हमखास विचारतात. नाही जात. झाड शेंड्याकडे वाढतं, बुंधा नुसता जाड होतो, त्यामुळे आजोबांचा खिळा आहे तिथेच आहे, फक्त निम्मा सालीत गेलाय.)

आम्ही कोलाडच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या काठी. आजोबांच्या वेळी कॅम्पिंग वगैरे शब्द नव्हता, डोंगर फिरणारी पोरं यायची, आजोबा पडवीत झोपायला जागा द्यायचे आणि आजी भाकऱ्या टाकायची. इथे राफ्टिंग सुरू झालं तसं बाबांनी टेंट आणले, आणि आता गेली काही वर्षं मी बघतोय. खाली जे लिहिलंय ते आमच्या नदीचं आहे, तुमची नदी वेगळी असेल, तिची चौकशी तुम्हालाच करावी लागेल.

आधी पाणी. बाकी सगळं नंतर.

कुंडलिका पावसाळा सोडून पण वाहते ती काही देवाची कृपा म्हणून नाही. वर घाटावर मुळशी धरण आहे (हो, तेच, सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचं), त्याचं पाणी पाइपातून खाली भिऱ्याला टाटांच्या वीजकेंद्रात येतं, ते केंद्र १९२७ सालचं, तिथून रवाळज्याला परत वीज करून मग नदीला. म्हणजे वीज केली की पाणी, नाही केली की नदी उतरलेली. राफ्टिंगवाले सकाळी सकाळी धावपळ करत असतात ते याच पाण्यासाठी.

आता यात गोम काय ते सांगतो. पाहुणे येतात दुपारनंतर. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, मधले कातळ उघडे पडलेले असतात, इतके छान सपाट की कोणालाही वाटेल इथेच चटई टाकावी. एक ग्रुप आमच्याकडे होता, रात्री गुपचूप दोन चटया आणि स्पीकर घेऊन त्या कातळावर जाऊन बसला, तिथेच झोपले. सकाळी बाबा चहा ठेवायला उठले, बघतात तर तिघं पात्राच्या मधे घोरतायत. हाका मारून उठवलं, काठावर आणलं, आणि तासाभराने तो कातळ कमरेएवढ्या पाण्याखाली होता. स्पीकर गेला. तेव्हापासून आमच्याकडे पांढऱ्या दगडांची रेघ आहे.

तर हे असं करा:

१. एक पूर्ण वर्ष पाणी लिहा. काठावरच्या हलणार नाही अशा कातळावर ऑइल पेंटने फुटाच्या खुणा करा आणि रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन वेळा आकडा वहीत. कंटाळवाणं आहे, पण वर्षाने तुम्हाला कळतं की पाणी किती वाजता चढतं, किती वेळात चढतं, आणि कुठल्या दिवशी नियम मोडतं. कारण नियम मोडतो. सकाळीच येतं म्हणून दुपारी निर्धास्त बसायचं नाही.

२. गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारा की मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. एकत्र बसवून विचारलं तर जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं ठरतं. आमच्या भागात सगळे १९८९ चं सांगतात, त्या जुलैत शेजारच्या अंबा नदीने जांभूळपाड्यात जे केलं ते इकडे कोणी विसरलेलं नाही.

३. जलसंपदा खात्याची पूररेषा बघून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाचा. नदी आणि निळी रेषा यांच्या मधे बांधकाम चालत नाही, पक्कं काहीच नाही. तुमच्या पट्ट्यात रेषा आखलेली नसेल तर तुमचा खिळा हीच तुमची रेषा समजा.

४. रोजच्या चढाच्या वर निदान पाच-सहा फूट उंचीवर पांढऱ्या चुन्याच्या दगडांची ओळ लावा. आमचा नियम: अंधार पडला की दगडांच्या खाली कोणी जायचं नाही, आणि सकाळचं पाणी येऊन स्थिर होईपर्यंत नाहीच. पाणी सोडताना वाजतो त्या भोंग्यावर विसंबू नका, वारा उलटा असला तर ऐकू येत नाही. आमच्याकडे एक माणूस शिट्टी घेऊन सकाळी काठावर असतो, त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. चहा पण दुसऱ्याने नेऊन द्यायचा.

पोहण्याबद्दल भांडण होतं दर वेळी. लाइफ जॅकेटशिवाय नाही, मग पाणी गुडघ्याएवढं असलं तरी. डोह कुठे आहेत ते पाहुण्याला दिसत नाही, तुम्हाला माहीत असतं. आणि ज्याने घेतलीय त्याला जॅकेट घालून पण नाही, परत पैसे मागतो म्हणाला तरी देऊन टाका.

कागद

इथे बहुतेक घरचे धंदे अडकतात. जागा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली, आणि टेंट लावतोय नातू. अशा सातबाऱ्यावर बँक कर्ज देत नाही आणि उद्या अपघात झाला तर जबाबदार कोण तेही ठरत नाही.

आधी वारस नोंद. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी देऊन अर्ज, मग फेरफार. यादीत आत्या पण आल्या, बहिणी पण आल्या. २००५ च्या कायदादुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते अगदी पक्कं केलंय. लग्नात दिलं की तिला, हे वाक्य घरात कोणी काढलं तर तिथेच थांबवा. आमच्या दोन आत्यांपैकी एकीने आपणहून हक्कसोड केली, दुसरी म्हणाली माझं नाव राहू दे, पैसे नकोत पण मे महिन्यात नातवंडांना घेऊन येईन तेव्हा नदीकडचा टेंट माझा. आज दहा वर्षं तो टेंट मे महिन्यात आम्ही बुक करत नाही. स्वस्तात पडलं.

वाटणी करायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून होते, सगळ्यांची संमती असेल तर. पण माझं मत विचाराल तर कॅम्पसाइटची जागा तुकडे करू नका, नदीचा काठ एकाकडे आणि रस्ता दुसऱ्याकडे गेला की दोघांचंही काही चालत नाही. एकत्र ठेवा आणि आपसात लेखी करार करा. आणि लक्षात ठेवा, पात्र सरकारचं असतं. तुमची हद्द मोजणी करून घ्या, वाळूवर खांब रोवून ती आपली होत नाही.

बाकीचे परवाने भराभर सांगतो: ग्रामपंचायतीची ना हरकत. पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी, राज्याचं ते धोरण २०२० ला आलं, शेतकऱ्याला हाच रस्ता सोपा. राफ्टिंग, कयाक, झिपलाइन असलं काही स्वतः करणार असाल तर साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ चं, त्याची नोंदणी वेगळी, आणि खरं सांगू का, ते ज्यांना येतं त्यांच्याकडून करून घ्या. जेवण देताय तर अन्न नोंदणी. पाहुण्यांचं रजिस्टर आणि ओळखपत्राची कॉपी, परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला २४ तासांच्या आत (पूर्वीपासून याला सी फॉर्म म्हणतात). दारू विकायची नाही, परवाना नाही आपल्याकडे. पक्कं बांधकाम करण्याआधी बिनशेतीचं काय ते तहसीलला विचारूनच, शेजाऱ्याने केलं म्हणून आपण नाही.

टेंट कुठे, संडास कुठे

लोकांना टेंट अगदी पाण्याला लागून हवा असतो कारण फोटो. द्यायचा नाही. आमचे सगळे टेंट खिळ्यांच्या वरच्या टप्प्यावर आहेत, खाली फक्त बाकडी. यामुळे बुकिंग जातं का? जातं थोडं. पलीकडे वाळूत टेंट लावणारे आहेतच.

जागा निवडताना वर बघा. सुकी फांदी, नारळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आग्या मोहोळ. शेकोटीचा धूर मोहोळाला लागला तर रात्री पळता भुई थोडी होते. ऑक्टोबरमध्ये सीझन उघडायच्या आधी आणि परत फेब्रुवारीत आम्ही प्रत्येक झाड बघतो. मोहोळ असेल तर त्या बाजूची शेकोटी बंद, बस.

दोन टेंटमधे निदान दहा फूट सोडा, दोऱ्यांत पाय अडकून माणसं पडतात आणि एकाचं घोरणं दुसऱ्याला ऐकू येतं. चारजणांचा म्हणून विकतात त्या टेंटमधे तीन माणसं आणि बॅगा मावतात, चार नाही, तेव्हा बुकिंग घेतानाच तीन धरा. खाली आधी पेंढा, त्यावर ताडपत्री, मग टेंट. ताडपत्रीच्या कडा टेंटच्या खाली दुमडलेल्या हव्यात, बाहेर राहिल्या तर दव आणि पाऊस गोळा करून नेमकं अंगाखाली आणतात. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी दव इतकं पडतं की सकाळी टेंट आतून पण ओला असतो, लोक म्हणतात टेंट गळतो. गळत नाही, तुम्ही सगळ्या खिडक्या बंद करून झोपलात. वरची जाळी उघडी ठेवायला सांगा.

आता संडास. बाबांनी टेंटला पैसे घातले आणि संडास दोनच ठेवले, आणि पहिल्या मोठ्या विकेंडला चाळीस माणसं, सकाळी सातची रांग, त्यात एक आजी होत्या. बाबा अजून ते आठवलं की गप्प होतात. आमचा हिशोब आता आठ माणसांमागे एक, बायकांचे वेगळे आणि पुरुषांपेक्षा एक जास्त. दार आतून लागणारं, आत बॅगा अडकवायला खुंटी, कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्यांचा गठ्ठा. ही खुंटी आणि पिशव्या माझ्या बायकोने सुचवल्या, बाबांना आणि मला पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा नदीपासून आणि विहिरीपासून निदान ३० मीटर लांब, आणि खिळ्यांच्या वर. पावसाळ्यात खणून बघा पाणी किती फुटांवर लागतं, खड्ड्याचा तळ त्याच्या दीड मीटर तरी वर हवा, नाहीतर तुम्ही सगळं सरळ जमिनीखालच्या पाण्यात सोडताय आणि तीच विहीर तुम्ही पिताय. भांड्यांचं साबणाचं पाणी केळी आणि अळूकडे वळवा. नदीवर कोणाला साबण लावू देऊ नका, आम्ही वाटेवर एक नळ आणि दगड ठेवलाय, हौस तिथे फेडा.

जेवण, आणि पोपटी कशी लावायची

मेनू मोठा ठेवू नका. संध्याकाळी कांदाभजी-चहा, रात्री तांदळाची भाकरी, चिकन किंवा वालाचं बिरडं, भात, सोलकढी. सकाळी पोहे. पनीर बटर मसाला मागणारे येतात, त्यांना नम्रपणे बिरडं वाढायचं. पण डिसेंबर ते फेब्रुवारी जी पोपटी असते ना, लोक तेवढ्यासाठी परत येतात, म्हणून ती नीट सांगतो.

वालाच्या शेंगा भरलेल्या पण कोवळ्या. भांबुर्ड्याचा पाला भरपूर, बांधावर उगवतो, दुपारीच पोरांना पाठवायचं कारण अंधारात भलताच पाला येतो (आलाय). पाला आणि शेंगा धुऊन निथळून घ्यायच्या. मडकं घ्यायचं, तळाला पाल्याचा जाड थर. त्यावर शेंगा, जाडं मीठ आणि ओवा. मग मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन, अंडी अख्खी, बटाटे, कणगर (एक कंद) मिळाली तर कणगर. परत शेंगा, परत मीठ-ओवा. मडकं गच्च भरलं की तोंडाशी पाला दाबून दाबून बसवायचा, उलटं केलं तर काही पडता कामा नये. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगांचं आणि पाल्याचं पाणी पुरतं.

मग जमिनीत उथळ खळगा करून मडकं त्यात उपडं ठेवायचं आणि चारी बाजूंनी पेंढा, सुकी लाकडं, गोवऱ्या लावून पेटवायचं. अर्धा तास, जाळ सगळीकडून सारखा. झालं का ते बघायला मडक्यावर हाताने पाणी शिंपडायचं, थेंब चुर्र होऊन लगेच उडाला की झाली, नुसता ओघळला तर अजून वेळ आहे. काढताना पोत्याने धरा आणि पोरांना मागे करा, दर वर्षी एखादं जुनं मडकं तडकतंच. वर्तमानपत्रावर ओतायचं नाही, शाई लागते, केळीची पानं आधी पसरून ठेवा.

विंचू-काटा

घाबरवत नाही, पण ही तयारी नसेल तर धंदा करू नका. आमच्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. मण्यारीचं वाईट असं की ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखतं, पापण्या उघडत नाहीत. म्हणून टेंटची चेन कायम बंद, अगदी दोन मिनिटं बाहेर गेलात तरी, आणि उघड्यावर चटई टाकून झोपणं पूर्ण बंद. बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय चालायचं नाही, टेंटपाशी खाणं टाकायचं नाही कारण खाण्यामागे उंदीर आणि उंदरामागे तो.

चावलंच तर: माणसाला हलू द्यायचं नाही, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, आणि सरळ जिथे सापाच्या विषावरची लस (प्रतिविष) आहे तिथे. कुठे आहे हे सीझन सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या, फोन नंबर भिंतीवर, १०८ बरोबर. एक गाडी रात्रभर किल्लीसकट तयार, तिच्यापुढे दुसरी गाडी लावायची नाही. विंचवाचंही तेच, दवाखाना. आमच्या रायगडात लाल विंचवाने माणसं जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ते चित्र बदललं, २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. पण गोळी डॉक्टरने द्यायची, आपण नाही.

पैसे आणि भावकी

कॅम्पसाइटचं बँक खातं वेगळं, यूपीआयचा कोड पण त्याच खात्याचा. आमच्याकडे आधी तीन चुलतभावांचे तीन कोड होते आणि ज्याच्या फोनवर पैसे त्याचे, दिवाळीत व्हायचं ते झालं. आता पद्धत अशी: जो राबतो त्याला महिन्याचा ठरलेला पगार, आधी. मग खर्च. मग दुरुस्तीचं बाजूला. त्यातून उरेल ते हिश्श्याप्रमाणे, मुंबईत राहणाऱ्या भावालाही. राबणारा आणि हिस्सेदार ही दोन वेगळी माणसं आहेत, एकच माणूस दोन्ही असला तरी वहीत दोन ओळी.

अॅडव्हान्स निम्मा, आणि परतीचा नियम बुकिंगच्या मेसेजमधेच. आम्ही पाण्यामुळे किंवा पावसामुळे रद्द केलं तर पूर्ण परत, न मागता, त्याच दिवशी. स्पीकर रात्री दहाला बंद, तो कायदाच आहे, पण कायदा सांगितला की लोक वाद घालतात, म्हातारी आई झोपलीय म्हटलं की ऐकतात. (आई म्हातारी नाही आणि तिला हे माहीत नाही.)

जूनमधे

पावसाळ्यात आम्ही बंद. पावसाळी ट्रिपची मागणी सगळ्यात जास्त असते, मला कळतं, पण मधल्या त्या खिळ्याच्या वर्षी संध्याकाळी अंगणात उभं राहून बघत होतो तर पाणी बाकड्यांवरून जात होतं, तेव्हा टेंटमधे माणसं असती तर काय केलं असतं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मे संपता संपता टेंट एकेक करून कडक उन्हात दोन दिवस उलटे-पालटे वाळवा, चेनीवर मेणबत्ती घासा, खांबांचा गठ्ठा वेगळा, खुंट्या मोजून डब्यात. गुंडाळताना थोडा जरी दमट राहिला तर ऑक्टोबरला काळे ठिपके आणि वास, मग तो टेंट फक्त सामान झाकायला. माळ्यावर तारेला लटकवा, जमिनीवर ठेवलात तर उंदीर घर करतो. सेप्टिकची टाकी पावसाआधी उपसून घ्या, वायरिंग खालच्या टप्प्यावरचं सोडवून आणा, बाकडी दोराने झाडाला.

आणि हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात उरका, कारण पार्किंगची जागा म्हणजे आमचं भाताचं खाचर आहे. सात-आठ महिने गाड्या उभ्या राहून ती जमीन इतकी दाबली जाते की पहिला मोठा पाऊस मुरल्याशिवाय ट्रॅक्टरचा फाळ आत जात नाही आणि पेरणी मागे पडते. म्हणून आता दोन खाचरं आलटून पालटून वापरतो, एका वर्षी याच्यात गाड्या, पुढच्या वर्षी त्याच्यात, आणि ज्यात गाड्या होत्या तिथे शेणखत दुप्पट.